भावफलकाचं काम : जून ते ऑक्टोबर २०२५

११ जून, बुधवार

ठरलं एकदाचं. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या संकलन केंद्रावर (तालुका घाटंजी, जिल्हा यवतमाळ) वजनकाट्याच्या वर एलईडी फलक लावायचा. कापूस, सोयाबीन, तुरीचे भाव, कालचा पाऊस, कधी एखादी सूचना. अध्यक्षभाऊंची अट एकच : "मराठीत पाह्यजे. अन् चष्मा इसरलेल्या माणसालेही दिसला पाह्यजे."

सामान : रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा कम्प्युटर, पुढे नुसतं 'पाय'), माझ्या दुकानात पडूनच होता. पी-५ चे (दोन ठिपक्यांत ५ मिमी अंतर) तीन पॅनल, प्रत्येकी ६४ बाय ३२ ठिपके, सलग लावले की १९२ बाय ३२. पी-१० चे पॅनल स्वस्त पडत होते, पण त्यांची उंची १६ ठिपके. इंग्रजी आकडे त्यात मावतात. मराठीत वर मात्रा-रेफ, खाली उकार, मधल्या अक्षराला उरतात जेमतेम सात-आठ ठिपके. काळ्या मुंग्या चालल्यासारखं दिसतं.

शेतातल्या पर्जन्यमापकाचा आकडा वायफायने केंद्रात येईल. त्यासाठी राउटर.

१४ जून, शनिवार

राउटर जुना, १६ एमबी फ्लॅश, १२८ एमबी रॅम. घेण्याआधी ओपनडब्ल्यूआरटीच्या (राउटरवर टाकायचं खुलं, लिनक्सवरचं सॉफ्टवेअर) यादीत बघितला होता, म्हणून निभावलं. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमवाले स्वस्तातले राउटर आता त्यांनी सोडूनच दिलेत. कंपनीच्या मूळ फर्मवेअरमध्ये, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, आपलं काही टाकायची सोयच नव्हती. ओपनडब्ल्यूआरटीची २४.१० आवृत्ती टाकली, दहा मिनिटांचं काम.

हे ओपनडब्ल्यूआरटी मुळात भांडणातून आलंय. लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी-५४जी राउटरमध्ये लिनक्स सापडलं, जीपीएल या परवान्यामुळे (सॉफ्टवेअर दुसऱ्याला दिलं की त्याचा सोर्स, म्हणजे माणसाने लिहिलेला मूळ प्रोग्रामही द्यायचा) २००३ साली कंपनीला सोर्स कोड द्यावा लागला, आणि त्यावर २००४ मध्ये हा प्रकल्प उभा राहिला. नावातलं डब्ल्यूआरटी त्याच राउटरचं.

आता खरं घोडं अडलं जागेवर. सगळी सिस्टीम स्क्वॉशएफएस म्हणजे दाबून बसवलेल्या, न बदलणाऱ्या भागात असते. आपण ओपीकेजीने (पॅकेजं बसवणारा प्रोग्राम) नंतर जे टाकू ते वरच्या लिहिता येणाऱ्या थरात जातं. भिंतीवर रंगवलेली जाहिरात आणि तिच्यावर आपण चिकटवलेला कागद, असं समजायचं. त्यामुळे आधीपासून असलेलं एखादं पॅकेज काढलं तर जागा सुटेल हा भ्रम आहे. खालचा रंग तसाच राहतो, वर 'काढलं' अशी चिठ्ठी तेवढी लागते. मी दोन पॅकेजं काढून बघितली, मोकळी जागा वाढली नाही, उलट किंचित कमीच झाली. पायथन इथे बसवायचा विचार सोडला. राउटरवर फक्त मॉस्किटो (यंत्रायंत्रांतले निरोप पोचवणारं सॉफ्टवेअर, एसएसएल नसलेलं, लहान), बाकी सगळं पायवर.

१५ जून

४जी डोंगल ओळखेना. त्याचं कर्नल मॉड्यूल (लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, जोडायचा तुकडा) काल घाटंजीत बसून मोबाइलवर उतरवून आणलं होतं. टाकायला गेलो तर ओपीकेजी म्हणे कर्नल जुळत नाही. बघितलं तर मी फाइल आणली २३.०५ च्या फोल्डरमधून. तिथलं कर्नल ५.१५, इथलं ६.६. जबरदस्ती करायचा पर्याय आहे, तो मोहाचा आहे, करू नये. बाकीची पॅकेजं एकवेळ चालतील, कर्नलचं मॉड्यूल त्याच बांधणीचं लागतं. परत घाटंजी. चाळीस मिनिटं जायला, चाळीस यायला.

२२ जून, रविवार

पाऊस नाही, उकाडा आहे, दुकान बंद. म्हणून केंद्राच्या कुंपणातलं जुनं हवामान यंत्र उघडलं.

हे यंत्र २०२३ मध्ये घेतलेलं. ज्या कंपनीचं आहे तिचं नाव इथे लिहीत नाही. वर्षभर मोबाइलवर पाऊस दिसायचा, वर्गणी संपली तशी ॲप कोरं झालं. यंत्र अजूनही मोजतं, फक्त आपल्याला सांगत नाही. आपल्या कुंपणात, आपल्या विजेवर, आपला पाऊस.

आत बोर्डवर चार पिनांची रिकामी जागा दिसली. यूएसबी-टीटीएलच्या (बोर्ड लॅपटॉपला जोडणारं साधन) तीन तारा डकवल्या, वेग १,१५,२००, आणि वीज दिली. पडद्यावर अक्षरं धावायला लागली. आधी यू-बूट (यंत्र सुरू करणारा प्रोग्राम), मग लिनक्स कर्नल, आणि शेवटी ती ओळखीची ओळ : इनिट स्टार्टेड, बिझीबॉक्स (लिनक्सच्या रोजच्या आज्ञांचा छोटा गठ्ठा). त्यानंतर पासवर्ड मागितला आणि गप्प.

म्हणजे आत तिन्ही जीपीएलवाले. बिझीबॉक्स तर जीपीएल २ आणि फक्त २. अमेरिकेत जीपीएल मोडल्याबद्दलचा पहिला खटला २००७ साली याच बिझीबॉक्सवरून झाला होता. खोक्यात मात्र परवान्याचा कागद नाही, सोर्स देऊ असं पत्र नाही. रात्री कंपनीला ईमेल टाकला. तीन ओळी : यंत्रात अमुक सॉफ्टवेअर आहे, त्याचा सोर्स द्या. इमेज (यंत्रात भरायची, सगळी सिस्टीम एकत्र बांधलेली फाइल) कशी बनवली त्याच्या स्क्रिप्ट द्या. कुठून घ्यायचं ते कळवा.

पर्जन्यमापकाला मात्र कुणाचा पासवर्ड नाही. आत एक डोलणारी वाटी असते, ०.२ मिमी पाऊस झाला की एकदा उलटते, चुंबक रीड स्विचसमोरून जातो, दोन तारा क्षणभर जुळतात. इतकंच. त्या दोन तारा काढून स्वतःच्या ईएसपी बोर्डाला (वायफाय असलेला छोटा बोर्ड) दिल्या.

२७ जून

काल रात्री फलकाविना नुसत्या लॅपटॉपवर पाऊस दाखवला : ११७ मिमी. सकाळी नाल्यात गुडघाभरही पाणी नाही. स्विच एकदा जुळताना थरथरतो, माझा प्रोग्राम एका उलटीच्या तीन-तीन मोजत होता. दोन उलट्यांत किमान अंतर घातलं. ठीक.

२ जुलै, बुधवार

आज पॅनल पेटले. पहिली ओळ टाकली : 'कापूस हमीभाव ₹८,११० क्विंटल' (लांब धाग्याचा, मध्यम धाग्याचा ७,७१०). वजनकाट्यावरचे मामा खाली उभे राहून बराच वेळ बघत होते.

"हे क्वटिंल काय होय बाबू?"

बघितलं. 'क' चा पाय मोडलेला तसाच दिसतोय, 'व' सुटा, आणि वेलांटी 'व' च्या आधी यायची ती मागे येऊन 'ट' च्या गळ्यात पडली आहे. फॉन्ट चांगला आहे. दोष फॉन्टचा नाही. मराठी अक्षरं साच्यासारखी एकापुढे एक ठेवून भागत नाही, जोडाक्षर कुठलं, वेलांटी कुठे, रेफ कुणाच्या डोक्यावर, हे ठरवणारं वेगळं सॉफ्टवेअर लागतं : हार्फबझ. चित्र काढणारी पायथनची पिलो लायब्ररी ते रॅक्ममार्फत वापरते, आणि रॅक्मला सोबत फ्रिबिडी लागतं. पिलो पिपने (पायथनच्या लायब्रऱ्या आणणारा प्रोग्राम) आणलेली. तिला विचारलं, रॅक्म आहे का? उत्तर : नाही. रास्पबेरी पाय ओएसची लाइट आवृत्ती, तिच्यात फ्रिबिडीच नव्हतं. एपीटीने (सिस्टीमची पॅकेजं बसवणारा प्रोग्राम) ते एक छोटं पॅकेज टाकलं, परत विचारलं, आता : आहे. 'क्विंटल' सरळ उभं राहिलं.

(पिपवरून आठवलं. ओएसच्या या आवृत्तीत, बुकवर्ममध्ये, पिप सिस्टीममध्ये थेट काही टाकू देत नाही, 'बाहेरून सांभाळलेलं वातावरण' म्हणून अडवतं. लोक ते अडवणं मोडायचा पर्याय सर्रास वापरतात. मी वेगळं व्हेन्व (पायथनच्या लायब्रऱ्यांचं स्वतंत्र फोल्डर) केलं. का ते सप्टेंबरच्या नोंदीत कळेल, तेव्हा मलाही माहीत नव्हतं.)

३ जुलै

हाताने चालवलं की फॉन्ट सापडतो, फलक सुरू झाल्यावर सापडत नाही. चार तास गेले. पॅनल चालवणारी लायब्ररी रूट म्हणून सुरू होते आणि पॅनल हातात आला की स्वतःहून 'डीमन' या साध्या वापरकर्त्यावर उतरते. फॉन्ट माझ्या होम फोल्डरमध्ये, तिथे डीमनला कोण येऊ देणार? फॉन्ट सगळ्यांच्या फोल्डरमध्ये नेला. संपलं.

१९ जुलै, शनिवार

ऑफिसातल्या ताई म्हणाल्या, "आमच्या कम्प्युटरसारखं अक्षर नाही येत का त्याच्यावर? ते बरं दिसते." कम्प्युटरवर मंगल आहे. विंडोजमधून फाइल उचलून पायवर टाकली, लहान आकारात खरंच बरा दिसला. दोन दिवस ठेवला. मग जाणवलं की मंगल विंडोजसोबत येतो, तो विंडोजच्या परवान्यात आहे, दुसऱ्या यंत्रावर नेऊन वाटायचा हक्क आपल्याला नाही. आपल्याकडे 'फॉन्टला काय लागते परवाना' असंच सगळे समजतात, लग्नपत्रिका छापणाऱ्यांपासून ग्रामपंचायतीपर्यंत. लोहित आणि नोटो दोन्ही लावून बघितले. हे ओपन फॉन्ट लायसन्सवर आहेत : यंत्रात घालून विकता येतात, नुसता फॉन्ट तेवढा विकायचा नाही, आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवायचा. नोटो ठेवला, ठळक. ताईंना फरक कळला नाही.

हवामान यंत्रवाल्यांचं उत्तर आलं. सोबत नव्या मॉडेलचा कॅटलॉग.

२४ ऑगस्ट, रविवार

पोळा झाला, तान्हा पोळा झाला. पोळ्याला केंद्रासमोर बैल उभे होते तेव्हा फलकावर 'सर्व कास्तकार बांधवांना शुभेच्छा' धावत होतं. शेजारच्या तीन गावांतली माणसं आली होती. आज अध्यक्षभाऊंचा फोन : "तिघायले असाच पाह्यजे. पैसे देतेत. तू फक्त कार्ड छापून दे, बाकी ते लावतेत."

कार्ड छापून दे. म्हणजे माझ्या पायचं एसडी कार्ड जसंच्या तसं तीनदा उतरवायचं. तासाभराचं काम. हो म्हणालो आणि फोन ठेवला. मग तो कॅटलॉग टेबलावर दिसला.

३० ऑगस्ट, शनिवार

पाऊस लागून आहे, वीज जा-ये करते. मोबाइलवर जीपीएल २ पूर्ण वाचली. १९९१ ची आहे, वकिली भाषा असली तरी वाचता येते, आजवर मी ती फक्त खाली सरकवून 'मान्य' केलेली.

मला जे कळलं ते असं. आपण घरी, केंद्रात, शेतात चालवतो त्याला काही लागत नाही. चालवण्यावर बंधनच नाही, बदल केले तरी कुणाला सांगायला नको. आतापर्यंत मी तसाच होतो. दुसऱ्याच्या हातात कार्ड दिलं की चित्र बदललं, मग पैसे घ्या नाहीतर फुकट द्या. पैसे घेण्याला ना नाही, तसं स्पष्ट लिहिलंय. पण कलम ३ म्हणतं : चालणारं सॉफ्टवेअर देता, तर सोबत त्याचा पूर्ण सोर्स द्या. किंवा, किमान तीन वर्षं कुणीही मागितला तरी नकलेच्या खर्चात देऊ, असं लेखी पत्र द्या. तिसरी वाट आहे, आपल्याला मिळालेलं पत्र पुढे सरकवायची, पण ती पैसे न घेणाऱ्यांसाठी. मी पैसे घेणार.

अडचण ही की कार्डावर माझा चारशे ओळींचा प्रोग्राम एकटा नाही. अख्खी रास्पबेरी पाय ओएस आहे, पाचशेच्या वर पॅकेजं. ती मी बनवली नाहीत, पण कार्ड मी देतोय, म्हणजे वाटणारा मी. 'सोर्स इंटरनेटवर आहेच ना' हे हवामान यंत्रवालेही म्हणू शकले असते.

यातून निसटायला एक सरळ पळवाट आहे : कोरं कार्ड द्यायचं, रास्पबेरी पायच्या साइटवरून ओएस त्यांनी स्वतः उतरवायची, मी फक्त माझी स्क्रिप्ट द्यायची. मग ओएस वाटणारा मी नाही. शहरात हेच करावं. इथे त्या तीन गावांपैकी एकात रेंज यायला पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं.

अध्यक्षभाऊंना सांगितलं. "एवढ्या लहान खोक्याले कोण इचारते बे?" खरंय, कुणी विचारत नाही. जूनमध्ये मी एकाला विचारलं होतं.

७ सप्टेंबर, रविवार

मोजदाद. डेबियनमध्ये (रास्पबेरी पाय ओएस तिच्यावरच उभी आहे) हे सोपं आहे, प्रत्येक पॅकेजच्या डॉक फोल्डरमध्ये कॉपीराइट नावाची फाइल असते. एपीटीने आणलेल्याचा हिशोब त्यामुळे जागच्या जागी. पिपने आणलेलं व्हेन्वमध्ये वेगळं, म्हणून तेही दोन मिनिटांत मोजून झालं. सिस्टीममध्ये मिसळलं असतं तर आजचा दिवस गेला असता.

जिथे विचार करावा लागला तेवढंच लिहितो.

पॅनल चालवणारी लायब्ररी जीपीएल २. तिच्या माहितीपत्रकातच लिहिलंय की वस्तूत वापरलीत तर घेणाऱ्याला सोर्स आणि तुमचे बदल द्या. माझा प्रोग्राम तिला आत ओढून चालतो, म्हणून माझाही जीपीएलवर टाकला. पायथनमधलं 'इम्पोर्ट' म्हणजे जोडणं की नाही, यावर वाद घालणारे घालतात. चारशे ओळींत लपवण्यासारखं मला काही दिसलं नाही, दिसली ती लाज वाटण्यासारखी नावं. व्हेरिएबलला 'टेम्प२नवा' म्हणणारा माणूस मीच. दुपार ती बदलण्यात गेली.

पाहो, म्हणजे मॉस्किटोशी बोलणारी लायब्ररी. ती दोन परवान्यांत मिळते, ईपीएल किंवा ईडीएल, आपण निवडायचं. ईपीएल जीपीएल २ सोबत एका प्रोग्राममध्ये नांदत नाही. ईडीएल बीएसडीसारखं साधं, ते चालतं. निवड कागदावर लिहून ठेवली.

पिलो, हार्फबझ, रॅक्म : नावं आणि परवाना सोबत ठेवा, बस. फ्रिबिडी एलजीपीएल (जीपीएलचा सौम्य भाऊ), वेगळं पॅकेज म्हणून बसतं, घेणाऱ्याला बदलता येतं, सोर्स दिला की झालं. ईएसपी बोर्डाचा आर्डुइनो कोअरही (ज्याच्यावर बोर्डाचा प्रोग्राम उभा राहतो तो पाया) एलजीपीएल, पण तिथे सगळं एकाच गोळ्यात बांधलं जातं. कोअर बदलून परत बांधता आलं पाहिजे, म्हणून माझा भाग द्यावा लागतो. देतोच आहे.

पायचं बूट फर्मवेअर खुलं नाही. त्याचा सोर्स माझ्याकडेही नाही. परवाना म्हणतो, न बदलता वाटा, पण रास्पबेरी पायवरच चालवा. एका गावाने 'तसाच दिसणारा स्वस्त बोर्ड' विचारला होता, त्यांना या कारणाने नाही म्हणून कळवलं.

आणि फॉन्टच्या फोल्डरमध्ये, नोटोच्या खाली : मंगल. जुलैपासून तिथेच. तीन गावांत गेला असता. काढला. नुसता काढून भागत नाही हे लक्षात आलं, कार्ड ठिपक्याला ठिपका उतरवलं तर पुसलेली फाइलही नकलेत जाऊ शकते. कोऱ्या कार्डावर पहिल्यापासून उभारलं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

तीन वर्षांचं पत्र की सोबत सोर्स? सोबत. तीन वर्षांनी माझं दुकान इथे असेलच असं मी लिहून देणार नाही. प्रत्येक खोक्यात ३२ जीबीचा पेनड्राइव्ह. एपीटीच्या यादीत सोर्सची ओळ उघडली आणि कार्डावर आहे नेमक्या त्याच आवृत्तीचा सोर्स उतरवला, दोन रात्री, यवतमाळला मावसभावाच्या फायबरवर. सगळ्यांचाच घेतला. कुणाचा लागतो आणि कुणाचा नाही हे निवडत बसण्यापेक्षा पेनड्राइव्ह स्वस्त. पाय आणि राउटर, दोन्हीकडच्या कर्नलचा सोर्सही वेगळा घेतला.

राउटरसाठी या खेपेला इमेज बिल्डर (ओपनडब्ल्यूआरटीचं इमेज बांधायचं साधन) वापरला. पॅकेजं आधीच इमेजमध्ये घातली की ती दाबलेल्या भागात जातात, वरची जागा मोकळी राहते. जूनमध्येच हे करायला हवं होतं. शिवाय तो कुठलं पॅकेज कुठल्या आवृत्तीचं त्याची यादीही बनवून देतो, ती तशीच छापली.

मराठीत एक पान लिहिलं : यात काय आहे, कुणाचं आहे, तुम्हाला काय करता येतं. सॉफ्टवेअरला हमी नाही. पॅनल आणि पॉवर सप्लायला वर्षभर माझी. अध्यक्षभाऊंनी वाचून विचारलं, "म्हणजे हे उद्या दुसऱ्याकडून दुरुस्त करून घेऊ शकतेत? तुले सोडून?" हो. "मंग तू काय खाशील?" पॅनल मीच विकणार ना भाऊ.

५ ऑक्टोबर, रविवार

दसरा झाला, सीतादही (कापूस वेचणीच्या सुरुवातीची पूजा) सुरू व्हायच्या बेतात. तिन्ही फलक लागले. दोन ठिकाणी पाऊण तासात, तिसऱ्या ठिकाणी अर्थिंगच नव्हतं, तिथे अंधार पडला. पान आणि पेनड्राइव्ह सचिवांच्या हातात दिले. एकाने पेनड्राइव्ह लगेच खिशात टाकला, "गाणे भरता येतेत ना याच्यात?"

९ ऑक्टोबर, गुरुवार

टाकीवर चढून रेंज घेणाऱ्या गावातून फोन. तिथल्या सचिवांचा पोरगा, बारावीत आहे. त्यांचं डोंगल दुसऱ्या बनावटीचं निघालं, राउटर ओळखत नाही. त्याने पानावरचं वाचलं, मॉड्यूल कुठलं लागेल तेही शोधलं.

"दादा, सोर्स सगळा हाय याच्यात. पण राउटरची इमेज कशी बनवली, ते स्क्रिप्ट कोठी हाय? अन् तुम्ही आत ज्या फाइली टाकल्या त्या?"

लॅपटॉपवर बघितलं. स्क्रिप्ट माझ्या डेस्कटॉपवर, अकरा ओळींची. पेनड्राइव्हवर नाही. तिन्हींवर नाही. जूनच्या माझ्या ईमेलमधली दुसरी ओळ नेमकी हीच होती.

"राहिली राजा," म्हणालो. "आणून देतो."

स्क्रिप्ट आणि फाइलींचं फोल्डर तीन नव्या पेनड्राइव्हवर भरलं, सोबत त्याच्या डोंगलचं मॉड्यूल, २४.१० चंच, दोनदा तपासून. उद्या सकाळी आधी त्याच्याकडे.